कॅसेटची पट्टी आणि टीव्हीचं कुलूप



मागच्या आठवड्यात माळा आवरताना जुन्या साडीत गुंडाळलेली एक काळी हार्ड डिस्क हाती लागली. वर माझ्याच अक्षरात चिठ्ठी होती, ‘श्रवणबेळगोळ, फेब्रुवारी २०१८. पुसू नये.’ ती कुणी पुसली नाही. पण आतलं परत कुणाला पाहताही आलं नाही. टीव्हीवरचं घरात साठवून ठेवण्याच्या आपल्या धडपडीचा सगळा इतिहासच त्या डिस्कमध्ये आहे असं वाटलं, म्हणून आज स्वयंपाकघर सोडून टीव्हीबद्दल लिहिते आहे.

माझं माहेर साताऱ्याचं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, पण आमच्यासारख्या गावांत टीव्ही खऱ्या अर्थानं आला तो १९८२ च्या एशियाडनंतर. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झालं आणि १९८४ पासून लहान लहान प्रक्षेपक देशभर भराभर उभे राहिले. साताऱ्याचा टीव्हीचा मनोरा अजिंक्यताऱ्यावर. अण्णा कौलांवर चढून अँटेना फिरवायचे, खालून आम्ही ओरडायचो, “आलं, आलं! गेलं!”

रविवार २५ जानेवारी १९८७ ला सकाळी साडेनऊ वाजता ‘रामायण’ सुरू झालं आणि घरात पेच उभा राहिला. आजी त्या वेळी मंदिरात. अभिषेक, पूजा, स्वाध्याय करून ती घरी यायची तोवर साडेदहा-अकरा झालेले असायचे. मालिकेसाठी अभिषेक चुकवणं तिच्या स्वप्नातही आलं नसतं, पण मालिका चुकल्याची हळहळही लपत नव्हती. शेवटी अण्णांनी एका स्नेह्याकडून जुना व्हीसीआर घेतला.

त्या यंत्राची रचना आज मुद्दाम सांगते. ट्यूनर म्हणजे हवेतून किंवा तारेतून येणाऱ्या अनेक लहरींमधून आपल्याला हवं ते चॅनेल निवडून घेणारा भाग. आपण सुपात तांदूळ निवडतो तसाच. हा ट्यूनर व्हीसीआरच्या पोटातच असायचा. अँटेनाची तार आधी व्हीसीआरला आणि तिथून टीव्हीला. त्यामुळे टीव्ही बंद असला तरी रेकॉर्डिंग चालायचं. अण्णा साडेनऊला बटण दाबून मोकळे व्हायचे आणि दुपारची जेवणं आटोपली की आजी पाटावर बसून आपलं ‘रामायण’ पाहायची. मध्येच म्हणायची, “हे त्यांचं. आपल्या पद्मपुराणात रावणाला लक्ष्मण मारतो.” आणि तरी एकही भाग सोडायची नाही.

व्हीएचएस कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक चिमुकली पट्टी असायची. ती मोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नसे. पुन्हा भरायचं झालंच तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावायची. आजीला आवडलेल्या भागाची पट्टी अण्णा स्क्रू ड्रायव्हरनं तिच्या देखत मोडायचे. काय ठेवायचं आणि काय पुसायचं, हे घरातली माणसं ठरवायची.

हा हक्क मात्र जगात कुणी आपणहून दिलेला नाही. १९७५ मध्ये सोनीचं बीटामॅक्स आलं, पाठोपाठ १९७६ मध्ये व्हीएचएस. त्याबरोबर अमेरिकेतल्या चित्रपट कंपन्या धास्तावल्या. लोक घरीच टीव्हीवरचं टिपून घेऊ लागले तर आमचं कसं व्हायचं, असं म्हणत युनिव्हर्सलनं सोनीला कोर्टात खेचलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १७ जानेवारी १९८४ ला पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की सोयीच्या वेळी पाहण्यासाठी घरी रेकॉर्डिंग करणं हा गुन्हा नाही. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर पुढचा इतिहास वेगळा घडला असता.

आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ पाहा. प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग करणाऱ्यानं ते स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनासाठी केलं, तर प्रक्षेपणाच्या हक्काचा भंग होत नाही, असं ते सांगतं. प्रती काढून विकणं वेगळं. पण आजीसाठी ‘रामायण’ टिपणारे अण्णा चोर नव्हते.

नव्वदच्या दशकात केबल आली. १ नंबर, २ नंबर करत चॅनेलं वाढली, तरी तार व्हीसीआरमधून फिरवली की रेकॉर्डिंग व्हायचं. खरा बदल झाला तो डिजिटल केबलनं. २०११ मध्ये केबलच्या कायद्यात दुरुस्ती झाली. चॅनेलं डिजिटल आणि कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपातच, पाठवायची असं ठरलं. मुंबईची मुदत ऑक्टोबर २०१२, पुण्याची मार्च २०१३, सांगली-साताऱ्यासारख्या बाकीच्या शहरांची डिसेंबर २०१५. खेड्यांची मुदत वाढत वाढत मार्च २०१७ पर्यंत गेली. चित्र स्वच्छ झालं, केबलवाल्यानं किती घरं जोडली याचा हिशेब लागू लागला, हे चांगलंच. पण कुलपाची किल्ली आता सेट-टॉप बॉक्समध्ये होती. टीव्हीच्या पोटातला ट्यूनर नुसता बसून राहिला. टीव्ही फक्त बॉक्स दाखवील ते पाहणारा आरसा झाला.

याच सुमाराला घरोघरी सपाट टीव्ही आले. त्यांच्या मागे पेनड्राइव्हची खाच आणि काहींच्या यादीत ‘रेकॉर्डिंग’ असा पर्यायही. हे टीव्ही जगभरासाठी बनतात. ब्रिटन, जपानमध्ये साध्या अँटेनावरच डिजिटल चॅनेलं मोफत मिळतात, तिथे टीव्हीतलाच ट्यूनर चॅनेल पकडतो आणि जोडलेल्या डिस्कवर भरून ठेवतो. आपल्याकडे दूरदर्शननं फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत असं अँटेनावरचं डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. त्यात महाराष्ट्रातली मुंबई आणि औरंगाबाद होती. सातारा-सांगली नव्हती. पुढे २०२२ पर्यंत मोजकी ठिकाणं सोडून देशभरातले जुने प्रक्षेपकही बंद झाले. अँटेनावाल्यांना ना जुनं उरलं, ना नवं आलं.

आपल्यासारख्यांना एकच वाट उरली, दूरदर्शनची मोफत डिश. डिसेंबर २००४ मध्ये ती ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावानं सुरू झाली, पुढे तिचंच नाव ‘डीडी फ्री डिश’ झालं. महिन्याची वर्गणी नाही, आणि तिच्यावरची बरीच चॅनेलं कुलपाविना. टीव्हीत उपग्रहाचा ट्यूनर असेल तर डिशची तार थेट टीव्हीला लावायची. बॉक्सही नको.

आमच्या सांगलीच्या घरी तसा टीव्ही होता. २०१७ च्या दिवाळीत भाऊजींनी घेतला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक आला. बारा वर्षांनी येणारा. सासूबाई १९८१ च्या सोहळ्याला जाऊन आल्या होत्या. मूर्तीला हजार वर्षं झाली म्हणून तो सोहळा मोठा होता, इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी केली होती. ती गर्दी, विंध्यगिरीच्या पायऱ्या, सगळं त्या काल घडल्यासारखं सांगायच्या. २०१८ मध्ये मात्र गुडघ्यांमुळे त्यांना घरातल्या घरातही काठी लागत होती.

१७ फेब्रुवारीला मुख्य अभिषेक सुरू झाला. टीव्हीवर थेट दाखवत होते. मी डिस्क लावली, टीव्हीनं विचारलं, “फॉरमॅट करू?” मी हो म्हटलं आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. साध्या चित्राला तासाला सुमारे दीड-दोन जीबी लागतात, त्यामुळे जागेची चिंता नव्हती. सासूबाई हात जोडून बसल्या. पाणी, नारळपाणी, उसाचा रस, दूध, हळद, चंदन. प्रत्येक धार मस्तकावरून उतरली की त्यांचे ओठ हलायचे. पुढे दीड वर्ष, बरं वाटत नसलं की म्हणायच्या, “सूनबाई, बाहुबली लाव गं.”

ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्हाला आठवत असेलच. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. गोमटेश्वराची मूर्तीही ५७ फुटांची. सासूबाईच म्हणाल्या, “भगवंताच्या मस्तकाएवढं पाणी चढलं बाई.” आमचं घर गावभागात. खाली बसवलेला टीव्ही, धान्य, अंथरुणं सगळं गेलं. डिस्क मात्र मी निघताना पिशवीत टाकली होती, जिनवाणीच्या पुस्तकांबरोबर. ती कोरडी राहिली. मला वाटलं, एक तरी वाचलं.

नवा टीव्ही आला. डिस्क लावली. पडद्यावर तेच वाक्य, “ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करा.” फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं. माझं बोट बटणावर होतं, मुलगा ओरडला म्हणून थांबले. संगणकाला लावली तर तोही डिस्क ओळखेना. दुरुस्तीवाल्यानं समजावलं ते असं. असे पुष्कळ टीव्ही रेकॉर्डिंग स्वतःच्या कुलपात ठेवतात. किल्ली त्या टीव्हीच्या सर्किट बोर्डात असते. चॅनेल मोफत असलं तरी कुलूप लागतंच. डिजिटल प्रत मुळाबरहुकूम असते, ती चार जणांच्या हाती जाऊ नये म्हणून कंपन्यांनी केलेली ही सोय. बोर्ड बदलला तरी आतलं दिसत नाही. आमचा बोर्ड तर पुराच्या गाळात सडला होता. माहितीपुस्तिकेत हे एका ओळीत लिहिलेलं असतं. मी वाचलं नव्हतं, चूक माझीच.

सासूबाईंना सांगायला धीर होईना. सांगितलं तेव्हा क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “डोळ्यांनी पाहिलं ते कोण पुसतंय?” त्यांच्या समाधानासाठी मुलानं मोबाईलवर दुसऱ्या कुणी टाकलेले तुकडे दाखवले. त्यांनी पाहिले. पण ‘बाहुबली लाव’ असं त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत. दोन वर्षांनी त्या गेल्या.

त्याच वर्षी साताऱ्याला माहेरी आजीच्या कॅसेटचा खोका उघडला. चौतीस वर्षं झाली होती. दोन कॅसेटना बुरशी लागली होती, बाकी शाबूत. एका स्टुडिओवाल्यानं त्या चालवून पेनड्राइव्हवर उतरवून दिल्या. चित्र पाझरतंय, मध्ये पट्टे येतात, पण ‘रामायण’ दिसतं, मधल्या जाहिरातीही दिसतात. कुठल्याही व्हीसीआरवर चालणारी कॅसेट, तिला किल्ली लागत नाही. चित्र जितकं स्वच्छ होत गेलं, तितकी ते आपल्या हातात ठेवण्याची सोय कमी होत गेली, हे त्या दिवशी मला कळलं.

आता २०३० मध्ये पुढचा महामस्तकाभिषेक येईल. तेव्हा कुणाच्या तरी घरी गुडघे दुखणाऱ्या सासूबाई असतील, म्हणून माझ्या पैशानं शिकलेले चार शब्द सांगते.

टीव्ही घेताना उपग्रहाचा ट्यूनर आत आहे का ते विचारा. अशा टीव्हींसाठी भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये आयएस १८११२ हे मानकही काढलं आहे. रेकॉर्डिंगचा पर्याय खरंच चालू आहे का पाहा, काही टीव्हींत तो आपल्याकडे बंद ठेवलेला असतो. मग एका रिकाम्या पेनड्राइव्हवर पाच मिनिटांची बातमी टिपा आणि संगणकावर लावून बघा. उघडली तर उत्तम, काही टीव्ही साधी फाईल करतात. नाही उघडली तर त्या टीव्हीवर मोलाचं काही सोपवू नका. फ्री डिशचे साधे बॉक्सही पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंग करतात, तेही आधी असंच तपासा. भरलेली डिस्क लावल्यावर ‘फॉरमॅट’ विचारलं तर हात मागे घ्या. आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. आमची आता एक सांगलीत असते, एक साताऱ्याला, कृष्णेचं पाणी चढणार नाही अशा उंचीवर.

ती काळी डिस्क मी पुन्हा साडीत गुंडाळून ठेवली आहे. टाकवत नाही. साडी सासूबाईंचीच आहे.