गणिताचे प्राथमिक शिक्षण, महाराष्ट्रातील

संख्याज्ञान, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार या चार मूलक्रिया, व्यवहारी अपूर्णांक आणि मापन हे विषय लहान मुलांना शिकविण्याच्या पद्धती व त्यांचा विकास यांचा विचार या नोंदीत केला आहे. महाराष्ट्रातील या शिक्षणाला वळण दिले ते गणितशास्त्रातील घडामोडींपेक्षा दोन व्यावहारिक गोष्टींनी : बाजारात चालणारी नाणी व मापे, आणि संख्यांची मराठी नावे. हिशेब कोणाला करता यावा, हा प्रश्नही या इतिहासात आरंभापासून गुंतलेला आहे.

पेशवाईत व त्यानंतरही बराच काळ पंतोजींच्या खाजगी शाळा हेच प्राथमिक शिक्षणाचे मुख्य साधन होते. मुलगा धूळपाटीवर बोटाने वा काडीने अंक गिरवी आणि सायंकाळी सर्व मुले एका सुरात उजळणी म्हणत. उजळणीत तिसापर्यंतचे पाढे तर असतच. पण तिचा खरा विशेष म्हणजे अपूर्णांकांचे पाढे. पावकी (पावपट), निमकी (अर्धी पट), पाऊणकी (पाऊणपट), सवायकी (सव्वापट), दिडकी (दीडपट), अडीचकी (अडीचपट) व औटकी (साडेतीनपट) असा त्यांचा क्रम असे. आजच्या वाचकाला हे पाठांतर अवघड व निरर्थक वाटण्याचा संभव आहे. परंतु रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया, मणाचे चाळीस शेर आणि शेराचे ऐंशी तोळे असा व्यवहार असताना पाव, अर्धा व पाऊण हेच रोजचे अपूर्णांक होते. ज्याला पावकी व सवायकी येत होती, त्याला कागदावाचून भाव काढता येत असे. पद्धतीचा दोष वेगळा होता. मुलाला उत्तर पाठ असे, पण ते तसे का येते हे त्याला कोणी सांगत नसे. शिवाय या शाळांत मुख्यतः ब्राह्मण व व्यापारी कुटुंबांतील मुलगेच बसत. शेतकरी, कारागीर व अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले आणि सर्वच मुली यांना त्या जवळजवळ बंद होत्या.

याचा परिणाम केवळ शैक्षणिक नव्हता. धान्याचे कर्ज सवाईने वा दिढीने देण्याची, म्हणजे सुगीला सव्वापट किंवा दीडपट परत घेण्याची, चाल अनेक भागांत होती. सावकाराच्या मुलाला सवायकी व दिडकी पाठ असे. कुळाला बहुधा येत नसे. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ मध्ये झालेल्या शेतकऱ्यांच्या उठावात सावकारांचे कर्जरोखे व खतावण्या हिसकावून जाळण्यात आल्या, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात मोडी व बाळबोध लेखन-वाचनाबरोबर हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान यांचा समावेश करावा, अशी मागणी केली. हिशेबाला तेथे दिलेले स्थान आकस्मिक नाही.

इंग्रजी अंमलात मुंबई इलाख्यात १८२२ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे ‘बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने मराठीत छापील गणित पुस्तके आणली. या कामात जॉर्ज रिस्टो जर्व्हिस या अभियंत्याचा व त्याच्या शास्त्री सहकाऱ्यांचा वाटा मोठा होता. मोठ्या मुलांकडून लहानांना शिकविण्याची जी ‘नवी’ पद्धत या शाळांत आली, तिची कल्पना अँड्र्यू बेल (१७५३–१८३२) याने मद्रासला देशी शाळेतील वाळूवर अक्षरे गिरविणारी मुले पाहून घेतली होती. म्हणजे ती एका अर्थाने घरीच परत आली. १८५५ मध्ये शिक्षण खाते स्थापन झाल्यावर इयत्तावार अभ्यासक्रम व तपासनिसांची परीक्षा सुरू झाली. त्रैराशिक, व्याज व नफा-तोटा यांची उदाहरणे पुस्तकांत स्थिरावली, तरी उजळणी वर्गातून गेली नाही.

पूर्व विदर्भाची वाट काहीशी निराळी होती. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा होऊन १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत त्याच प्रशासनाखाली राहिला. त्यामुळे तेथील शाळांचे खाते मुंबईहून स्वतंत्र होते. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला वैनगंगा व चुलबंद या नद्यांच्या परिसरातील लाखांदूर हा धानाचा प्रदेश. तेथे धान वजनापेक्षा मापाने मोजण्याची रीत होती : पायली, कुडव व खंडी. वीस कुडवांची एक खंडी होत असल्याने घरातील मोजणी विसांच्या गटांनी चाले, शाळेतील दहांच्या व सरकारी वजनांतील चाळिसांच्या. तीन खंडी बारा कुडव बियाणे सवाईने घेतल्यास सुगीला किती परत करावे लागेल, हे काढण्यासाठी प्रथम बहात्तर कुडव करावयाचे, त्यांची सवाई नव्वद काढावयाची आणि पुन्हा चार खंडी दहा कुडव मांडावयाचे. पुस्तकातील कोणत्याही उदाहरणाइतके हे गणित कठीण आहे. परंतु पाठ्यपुस्तक साऱ्या प्रांतासाठी एकच असल्याने स्थानिक मापांना त्यात फारसे स्थान मिळू शकले नाही.

याच मध्य प्रांतात वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या परिषदेतून नई तालीम योजना पुढे आली. झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगाशी प्रत्येक विषयाचा समवाय साधण्याची शिफारस केली व गणिताला तर सूतकताई सोयीची ठरली. एकशेसाठ तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे सहाशेचाळीस तारांची, एक गुंडी. मूल स्वतः काढलेले सूत मोजी, भागी व त्याचा वेग काढी. अंकगणिताला हातातल्या वस्तूचा आधार देण्याचा हा पहिला व्यापक प्रयत्न होय. मात्र टकळी मागे पडताच तिच्याबरोबरचे गणितही मागे पडले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे चिंचोके, शिंपले व पाने यांसारख्या परिसरातील वस्तूंनी बालकांना मोजणी शिकविली. ती पद्धत अल्पखर्ची असल्याने अधिक टिकली.

स्वातंत्र्योत्तर काळातील सर्वांत मोठा बदल शाळेबाहेरून आला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली आणि ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने-मापे टप्प्याटप्प्याने आली. आणे, पया, शेर व मण यांच्यासह औटकी-पाऊणकीची गरज एका पिढीत संपली आणि दशांश अपूर्णांक प्राथमिक शाळेत उतरले. लाखांदूरच्या मुलालाही आता सरकारी खरेदी केंद्रावर धानाचा भाव क्विंटलने ऐकू येतो. १९६२ मध्ये प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे गेल्या. २७ जानेवारी १९६७ रोजी पुणे येथे पाठ्यपुस्तक मंडळ (बालभारती) स्थापन झाले व भंडाऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत एकच गणिताचे पुस्तक वापरले जाऊ लागले. काड्यांचे गठ्ठे व सुट्या काड्या यांनी दशक-एकक दाखविण्याची रीत या पुस्तकांमुळे सर्वत्र पोहोचली.

नेमून दिलेल्या अभ्यासापलीकडे मुलाला नेण्याचे साधन म्हणून शासकीय शिष्यवृत्ती परीक्षेचा उल्लेख करावा लागेल. तथापि तिच्या तयारीत चातुर्यापेक्षा सरावाला महत्त्व येत गेले. देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी १९४९ मध्ये शोधलेला ६१७४ हा स्थिरांक या दृष्टीने अधिक उपयुक्त आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार-अंकी संख्या घेऊन तिच्या अंकांनी होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करीत गेल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ मिळते. उदा., ३५२४ पासून ५४३२ − २३४५ = ३०८७, ८७३० − ०३७८ = ८३५२, ८५३२ − २३५८ = ६१७४. हातच्याच्या वजाबाकीचा एवढा सराव मूल येथे कंटाळा न करता करते आणि प्रत्येक वेळी वजाबाकी नवाने निःशेष भागली जाते, हेही त्याच्या ध्यानात येऊ शकते.

संख्यांच्या नावांची अडचण मात्र नाणी बदलूनही गेली नाही. मराठीत एककाचे नाव आधी व दशकाचे नंतर येते : ‘सत्तावीस’ ऐकताना सात प्रथम कानी पडतात, लिहिताना मात्र दोन आधी मांडावे लागतात. त्यामुळे २७ ऐवजी ७२ लिहिले जाते. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. हा नियम एकोणनव्वदपर्यंत चालतो आणि नव्व्याण्णवला मोडतो. शिवाय त्रेसष्ट, अठ्ठ्याऐंशी यांसारख्या नावांतील जोडाक्षरे दुसरीच्या मुलाला वाचता येत नाहीत. तेलुगू, कन्नड या शेजारच्या भाषांत दशक आधी उच्चारले जात असल्याने तेथील मुलांना ही अडचण नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात प्रचलित नावांसोबत ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची पर्यायी रीत देण्यात आली. गणित विषय समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांनी मुलांची अडचण हेच तिचे कारण सांगितले. परंतु भाषेचे सौंदर्य बिघडते, या आक्षेपावरून वृत्तपत्रांत व विधिमंडळातही वाद झाला. जुनी नावे काढून टाकलेली नव्हती, ही गोष्ट त्या गदारोळात बहुतेकांच्या लक्षात आली नाही. झाडीबोली वा गोंडी बोलणाऱ्या घरांतून येणाऱ्या मुलाच्या बाजूने तर त्या वादात कोणी फारसे बोललेच नाही.