साव, व्याज आणि सिबिल

मार्चअखेर जवळ आली की माढा तालुक्यातल्या ऊसपट्ट्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘सोसायटी नवं-जुनं केली का?’ जुनं पीककर्ज भरायचं आणि नवं उचलायचं, हा सगळा व्यवहार त्या जोडशब्दात मावतो. ज्याचं नवं-जुनं वेळेवर होतं, त्याची पत राहते. कर्जाची आपली भाषा अशी माणसाच्या वागण्याभोवती वाढली आहे.

‘सावकार’ हाच शब्द पाहा. संस्कृत ‘साधु’मधल्या ‘ध’चा प्राकृतात ‘ह’ झाला, ‘साहु’ बनला. त्यातून मराठीत ‘साव’ आला. चोर नव्हे तो साव. म्हणजे पैसे देणाऱ्याला नाव मिळालं ते सचोटीवरून, तिजोरीवरून नव्हे. ‘व्याज’ मात्र उलट्या कुळातला. संस्कृतात व्याज म्हणजे कपट, बहाणा. ‘निर्व्याज प्रेम’ आणि ‘व्याजस्तुती’ यांत तो अर्थ अजून जिवंत आहे. एरवी मात्र मुदलावर चढणाऱ्या रकमेलाच आपण व्याज म्हणतो.

सावकाराचं व्याज एवढं चढं का, याचा विचार जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७०च्या आपल्या गाजलेल्या निबंधात केला. जुन्या मोटारींच्या बाजाराबरोबर त्यानं भारतातला सावकारही उदाहरणाला घेतला. कोण फेडेल, कोण बुडवेल हे गावच्या सावकाराला ठाऊक असतं. बाहेरचा कोणी कमी दरानं कर्ज वाटू लागला, तर त्याच्याकडे नेमकी बुडवणारी गिऱ्हाइकं जमतात. सावकाराचं खरं भांडवल म्हणजे माणसांची माहिती. या विचारासाठी अकेरलॉफला २००१ साली नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

पण ही माहिती एकाच बाजूला साठली होती. सावकार कुळाला ओळखे. कुळाला मात्र सावकाराच्या वहीत काय लिहिलंय ते वाचता येत नसे. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथं शेतकरी उठले आणि दंगे पसरले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर होता. ‘खत’ अरबी, अर्थ रेघ, लिखाण. ज्या लिखाणानं बांधलं, तेच त्यांनी जाळलं. त्यानंतर १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि पुणे, सातारा, नगर यांच्याबरोबर सोलापूर जिल्ह्यालाही लागू झाला. माढा त्यातच. खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. पावती आणि हिशेबाचं पुस्तक मागण्याचा हक्क कर्जदाराला.

आज गावात नवा शब्द रुळला आहे : ‘त्याचं सिबिल खराब झालंय.’ कर्जदारांच्या पतनोंदी ठेवणाऱ्या, २००० साली स्थापन झालेल्या एका कंपनीचं हे नाव बोलीत सामान्यनाम होऊन बसलं. साव कोण हे आता आकडा सांगतो. म्हणूनच १८७९चा धडा ताजा आहे. २००५च्या कायद्यानं आपली पतनोंद पाहण्याचा हक्क कर्जदाराला दिला आणि रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७पासून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. प्रत्येक शेतकऱ्यानं तो मागवावा, वाचावा, चूक दिसली तर तक्रार करावी. पत आपली आहे. तिची वहीही आपल्याला वाचता आली पाहिजे.