नेपाळची वाट आणि यात्रेकरूचे गाठोडे

परदेशप्रवास हा धनिकांचाच विषय होय, असा समज आपल्याकडे फार दृढ झालेला आहे. राहुरीसारख्या तालुक्याच्या गावी उसाचे पैसे हाती आलेला शेतकरी असो किंवा निवृत्तिवेतनावर संसार चालविणारा शिक्षक असो, एकदा तरी दुसरा देश पाहून यावा ही इच्छा आता दोघांच्याही मनात उत्पन्न होते. आणि ती उत्पन्न होताच प्रवासी कंपनीचे रंगीत पत्रक व पतपेढीच्या कर्जाचा अर्ज ही दोन्ही बरोबरच पुढे येतात. आठ दिवसांच्या सहलीचे हप्ते पुढे वर्षानुवर्षे फेडीत बसावे, हा व्यवहार शहाणपणाचा खचित नव्हे. थोड्या द्रव्यात दूरचा मुलूख पाहण्याची विद्या आपल्या पूर्वजांना चांगली अवगत होती. आपण ती विसरलो आहोत, इतकेच. तिची आठवण करून देण्यासाठी मी आज नेपाळचे उदाहरण घेणार आहे.

प्रथम एका मराठी प्रवाशाची गोष्ट पाहू. कुलाबा जिल्ह्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या चुलत्यांसह उत्तर हिंदुस्थानात जावयास निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल आणि घरच्या ऋणाचा भार हलका होईल, हा त्यांचा हेतु होता. वाटेत बंडाचा वणवा पेटला, मिळविलेले धन लुटले गेले, आणि अखेर गंगेची कावड तेवढी घेऊन ते घरी परतले. १८८३ साली त्यांनी लिहून काढलेला हा वृत्तांत ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली प्रसिद्ध झाला. विष्णुभट ऋण फेडण्यासाठी प्रवासास निघाले. आपण प्रवासासाठी ऋण काढतो! दोन पिढ्यांच्या वृत्तीतील हे अंतर ध्यानी घेण्यासारखे आहे.

आता नेपाळकडे वळू. १८१६ च्या सुगौलीच्या तहानंतर काठमांडूस इंग्रजांचा रेसिडेंट राहू लागला खरा; परंतु साहेबाच्या मागून फौज येते, हे त्या दरबाराने ओळखले होते. १८४६ साली जंगबहादुराच्या हाती सत्ता गेली आणि राणा घराण्याचा अंमल सुरू झाला. तो १९५१ पर्यंत टिकला. या शंभरांहून अधिक वर्षांत परक्या माणसास नेपाळात सहजासहजी प्रवेश नसे. गोऱ्या प्रवाशांपैकी अगदी मोजक्यांनाच राजधानीचे दर्शन घडे. हिंदुस्थानातील माणसासही एरव्ही राहदानी घ्यावी लागे.

तथापि वर्षातून एकदा हे दार उघडत असे. महाशिवरात्रीस पशुपतिनाथाची यात्रा भरे, आणि त्या थोड्या दिवसांपुरते निर्बंध सैल होत. मग आपल्या देशाच्या कानाकोपऱ्यांतून यात्रेकरू डोईवर गाठोडे घेऊन घाट चढू लागत आणि ठरलेल्या मुदतीत परत फिरत. ज्या देशात साहेबास थैली सैल सोडूनही शिरता येत नसे, तेथे पंचांग पाहून निघालेला गरीब भाविक सुखाने जाऊन येई.

त्या वाटेचे वर्णन ऐकण्यासारखे आहे. हिंदुस्थानच्या सरहद्दीवर रक्सौल हे स्टेशन. १९२७ साली तेथून अमलेखगंजपर्यंत नेपाळ सरकारची अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली. पुढे भीमफेदीपर्यंत मोटार, आणि तेथून चिसापाणी गढी व चंद्रागिरी असे दोन चढ पायी ओलांडून काठमांडूचे खोरे गाठावयाचे. राणा सरदारांच्या मोटारगाड्या देखील या चढांवरून हमालांच्या खांद्यांवरून नेण्यात येत! त्रिभुवन राजपथ हा पहिला मोटाररस्ता भारतीय अभियंत्यांच्या हातून तयार होऊन १९५६ साली खुला झाला. तोवर धनिकाची मोटार व गरिबाचे गाठोडे ही दोन्ही माणसाच्याच खांद्यावरून जात होती.

या वाटेने गेलेले मराठी लोक सगळेच यात्रेकरू नव्हते. १८५८-५९ साली इंग्रजी सैन्याने रेटीत नेलेले नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत शिरले. त्यांचा शेवट कोठे झाला याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. परंतु पेशव्यांच्या घरातील स्त्रियांना आणि लखनौच्या बेगम हजरत महल यांना जंगबहादुराने आसरा दिला. हजरत महल १८७९ साली काठमांडूसच निवर्तल्या. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी लोकमान्य टिळकांचे अनुयायी, ‘कीचकवध’ नाटकाचे कर्ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, नेपाळात जाऊन राहिले. बाहेरून पाहता तो कौलांचा कारखाना होता. आतला बेत शस्त्रे तयार करण्याचा होता. तो बेत सिद्धीस गेला नाही. परंतु अडचणीत सापडलेल्या मराठी माणसाला हा बंद देश पुन्हा पुन्हा आठवला, हे त्यावरून दिसून येते.

आज ते दार वर्षभर उघडे आहे. भारतीय नागरिकास नेपाळात जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जावयाचे तर पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र जवळ असावे. खुष्कीने जातानाही ते बरोबर ठेवणेच बरे. आपल्या राहुरीच्या लोकांना तर वाट घरापासूनच सुरू होते. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली झाला व राहुरी त्यावरचे स्टेशन आहे. मनमाडास मुख्य मार्ग मिळतो. तेथून गोरखपूर गाठावे, सोनौलीस सरहद्द ओलांडावी आणि लुंबिनी पाहून मोटारीने काठमांडूस जावे. परतताना वीरगंजावरून रक्सौलास उतरावे, म्हणजे जुन्या यात्रेकरूंचा मुलूखही दृष्टीस पडतो.

खर्चाचा विचार करताना जुन्या यात्रेची तीन सूत्रे मला आजही उपयोगी वाटतात. पहिले सूत्र तिथीचे. यात्रेकरू आधी पंचांग पाही, मग निघे. पावसाळ्यात नेपाळच्या डोंगरात दरडी कोसळतात. तेव्हा जाऊन दोन दिवस वाटेत अडकले की स्वस्ताई संपली. त्यांच्या दशैंच्या, म्हणजे आपल्या दसऱ्याच्या, सणात तेथील लोक गावोगाव परततात व गाड्यांत जागा मिळत नाही. दिवाळी झाल्यावरचा पंधरवडा मात्र उत्तम. आकाश स्वच्छ असते, हिमशिखरे दिसतात आणि आपल्याकडे शाळांनाही सुटी असते.

दुसरे सूत्र सोबतीचे. चार-सहा समविचारी माणसे असली म्हणजे भाड्याची मोटार, खोली व स्वयंपाक यांचा खर्च वाटला जातो. जुन्या मंडळींचा हिशेब एकाच्या हाती असे व रोज संध्याकाळी तो सर्वांसमक्ष वाचला जाई. ही पद्धत पुन्हा चालू करावी. येथे एक हिशेबाची गोष्टही सांगतो. आपल्या १०० रुपयांस नेपाळचे १६० रुपये मिळतात, आणि हा दर १९९३ पासून स्थिर आहे. त्यामुळे आपण एकाएकी श्रीमंत झालो असे मात्र समजू नये. नोटांची संख्या वाढते, वस्तूची किंमत काही त्या मानाने उतरत नाही. कारण पुष्कळसा माल तेथे आपल्याकडूनच घाट चढून जातो. मोठ्या किमतीच्या भारतीय नोटांविषयीचे नियम वेळोवेळी बदलतात, ते निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत.

तिसरे सूत्र उतरण्याच्या जागेचे. नेपाळात वाटसरूंसाठी पाटी व सत्तल बांधण्याची रीत फार जुनी आहे. पाटी म्हणजे आपल्याकडील ओसरीसारखी उघडी पडवी, सत्तल म्हणजे धर्मशाळा. काठमांडू हे नाव ज्या काष्ठमंडपावरून पडले, ती वास्तूही मुळात असा लाकडी सत्तलच. राजवाड्यावरून नव्हे, किल्ल्यावरून नव्हे, तर वाटसरूच्या विसाव्यावरून राजधानीस नाव मिळाले! २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात हा मंडप कोसळला. त्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे प्राणांस मुकली. पुढे काही वर्षांत मंडप पुन्हा उभारण्यात आला. हे जाणणाऱ्या प्रवाशाने धर्मशाळेत वा साध्या खानावळीत उतरण्यास कमीपणा मानू नये. तेथे दिलेला पैसा थेट यजमानाच्या घरात जातो.

आता एक शेवटची गोष्ट. स्वस्त प्रवास म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून केलेला प्रवास नव्हे. लुंबिनीस सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. तो १८९६ साली उजेडात आला. राज्याभिषेकास वीस वर्षे झाल्यावर अशोक स्वतः तेथे आला, बुद्धाच्या जन्मस्थानाची पूजा केली आणि त्या गावाचा कर कमी केला, असे त्यावर कोरलेले आहे. राजाची स्वारी गावात येणे म्हणजे गावावर खर्चाचा डोंगर कोसळणे. येथे राजा आला आणि गावाचा भार उतरला. आपल्याजवळ राज्य नाही. पण हमालाची मजुरी घासाघीस न करता देणे, देवळाच्या आवारात कचरा न टाकणे, ‘हा तर आपलाच मुलूख’ असे म्हणून त्या स्वाभिमानी लोकांचा अधिक्षेप न करणे, इतके तर आपणांस साधेल.

श्रोतेहो, नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे चालते. सरहद्द ओलांडताच आपले घड्याळ तेवढे पुढे करावे. आणि निघण्यापूर्वी घरी एक वही घालावी. पहिल्या पानावर तिथी, दुसऱ्यावर सोबत्यांची नावे, तिसऱ्यावर खर्चाचा अंदाज. आणि अंदाजाचा आकडा गाठीच्या शिलकेपेक्षा मोठा झाला, तर पतपेढीची पायरी न चढता प्रवास एक वर्ष पुढे ढकलावा. पुढच्या वर्षीही पशुपतिनाथ तेथेच असणार, आणि मनमाडची गाडीही राहुरीवरूनच जाणार.