श्रीमन्नारायण

श्रीमन्नारायण (१९१२–१९७८). वर्ध्याचे पहिले लोकसभा सदस्य, गुजरातचे राज्यपाल आणि गांधीविचारांचे भाष्यकार. मूळचे उत्तर प्रदेशातले, पण कर्मभूमी वर्धा. उद्योगपती जमनालाल बजाजांच्या कन्या मदालसा या त्यांच्या पत्नी. वर्ध्याच्या गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. सुरुवातीच्या पुस्तकांवर ‘अग्रवाल’ हे आडनाव दिसते; पुढे ते त्यांनी गाळले.

त्यांची महत्त्वाची पुस्तके सत्तेच्या पदांआधीची आहेत. मुंबईच्या उद्योगपतींनी १९४४ मध्ये पंधरा वर्षांत १०,००० कोटी रुपये गुंतवण्याची योजना मांडली. त्याच वर्षी श्रीमन्नारायणांची ‘गांधी योजना’ आली : दहा वर्षे, ३,५०० कोटी रुपये, भर शेतीवर आणि ग्रामोद्योगांवर. १९४६ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारतासाठी ‘गांधीवादी राज्यघटना’ लिहिली. गावपंचायत हा तिचा पाया. वरच्या पंचायती खालच्यांनी निवडायच्या. प्रस्तावना गांधीजींचीच, पण पुस्तकाचे नाव त्यांना फारसे पटले नव्हते. आराखडा प्राचार्यांचा आहे, माझ्या लिखाणाच्या अभ्यासावर बेतलेला, असे त्यांनी तिथेच नोंदवले. पुस्तकाबद्दल इतके नेमके आजवर कुणी म्हटलेले नाही.

१९५२ मध्ये श्रीमन्नारायण स्वतः मात्र थेट मतदानाने निवडून आले. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होते. १९५७ मध्ये ही जागा त्यांचे मेहुणे कमलनयन बजाज यांच्याकडे गेली. काँग्रेसचे सरचिटणीसपद, नियोजन आयोगाचे सदस्यत्व (१९५८–६४) आणि नेपाळमधील राजदूतपद (१९६४–६७) अशी पुढची वाटचाल. ज्या आयोगाने पोलाद आणि मोठी धरणे यांचा हिशेब मांडला, त्यात ग्रामोद्योगांचा हा पुरस्कर्ता सहा वर्षे बसला, ही विसंगती त्यांच्या चरित्रकाराला टाळता येणार नाही.

डिसेंबर १९६७ पासून मार्च १९७३ पर्यंत ते गुजरातचे राज्यपाल होते. मे १९७१ मध्ये तिथे राष्ट्रपती राजवट लागली आणि मार्च १९७२ पर्यंत राज्याचा कारभार राजभवनातून चालला. सत्ता गावात असावी असे लिहिणाऱ्याच्या हाती ती अशी एकवटली. लेखन मात्र चालूच होते : नवजीवन प्रकाशनासाठी गांधीजींच्या निवडक साहित्याचे संपादन, विनोबांचे चरित्र, नेपाळमधील अनुभव. १९७२ मध्ये सेवाग्रामला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, तिचेही आयोजन त्यांचेच. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेच्या जुळवाजुळवीतही ते होते.