मढची खाडी आणि तांडेलाची विद्या

मालाडची खाडी जेथे अरबी समुद्रास मिळते, तेथे एका तीरावर मढ व समोर वेसावे अशी दोन कोळी गावे वसलेली असून, त्यांमधील मुखावर पहारा ठेवणारा मढचा किल्ला पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधला, १७३९ साली वसईच्या मोहिमेत तो मराठ्यांच्या अंमलाखाली आला आणि १७७४-७५ च्या सुमारास साष्टी प्रांताबरोबर इंग्रजांच्या ताब्यात गेला. सत्ता पालटल्या, परंतु पाण्याखालचे खडक व गाळाचे उंचवटे यांवर कोणत्याही सरकारचा हुकूम चालला नाही. त्यांच्याशी सलोखा राखला तो तांडेलांनी, म्हणजे नौकांच्या नायकांनी.

त्यांच्या विद्येचा पाया तिथी हा होता. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची अदमासे वेळ हाती येते: चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकराच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी चढते फार आणि ओसरतेही फार. म्हणून भरतीत निर्वेध वाटणारी वाट ओहोटीत घातक ठरते, आणि रात्री नांगरलेले गलबत पहाटे खडकावर टेकू शकते. यास्तव नांगर टाकण्यापूर्वी शिसे बांधलेली दोरी सोडून खोली वावांत मोजावी, तीतून पुढील ओहोटीचा उतार वजा करावा, आणि प्रवाह उलटल्यावर नौका नांगराभोवती फिरेल तेवढे वर्तुळ मोकळे आहे की नाही हे पाहावे, हाच सुज्ञ नाविकाचा शिरस्ता होय.

ही विद्या दफ्तरांत क्वचितच नोंदली गेली. म्हणूनच किल्ल्याच्या तटाइतकीच तीही जतन करण्यास पात्र आहे.