कोयासानचा मुक्काम : गटाने जपानला जाणाऱ्यांसाठी

जपानच्या वाकायामा प्रांतात सुमारे ८०० मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावर कोयासान हे विहारांचे गाव आहे. तेथील कोयासान विद्यापीठात १० सप्टेंबर २०१५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्याआधी २०१३ मध्ये महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात सहकार्याचा करार झाला होता. आंबेडकरी तरुणाला जपान म्हटले की आता टोकियोच्या बरोबरीने हे नावही आठवते. पण पुतळ्याला वंदन, फोटो आणि संध्याकाळी परत ओसाका, एवढ्यावर ही वारी उरकू नये. एक रात्र तरी तिथे राहावे. कशासाठी आणि कसे, ते पुढे दिले आहे.

आपली गटाने फिरण्याची रीत वेगळी आहे. नंदुरबार, शहादा, तळोद्याहून दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला निघायचे तर चाळीस नावे ठरतात, निघताना पंचेचाळीस होतात, आणि तरी सगळ्यांची सोय लागते. भाकरी बांधून घेतलेली असते, झोपायला विहाराचा हॉल असतो. या सवयीत मोठे आपलेपण आहे. जपानमध्ये मात्र तिचीच अडचण होते. तिथे पाहुणचार माणूस मोजून, नाव लिहून, महिने आधी सुरू होतो. कोण काय खात नाही, किती स्त्रिया, किती पुरुष, कोणाला गुडघेदुखीमुळे खाली बसता येत नाही, हे आधी कळवले तर यजमान त्याप्रमाणे तयारी करतो. ऐनवेळी तीन माणसे वाढली तर तो मोठ्याने नाही म्हणणार नाही, पण ती सोय होईलच असे नाही. आणि तीन कमी झाली तर त्यांच्यासाठी मांडलेली ताटे वाया जातात. या पाहुणचाराला जपानी भाषेत ‘ओमोतेनाशी’ म्हणतात. पाहुण्याने मागण्याआधी त्याची गरज ओळखणे, हा त्याचा गाभा. बक्षिशी देण्याची तिथे पद्धत नाही. टेबलावर पैसे ठेवून आलात तर विसरलात समजून मागे धावत येतील.

कान्साई विमानतळावरून किंवा ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नान्काई रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत जायचे. या नावाचा अर्थ सुखावतीचा पूल. तिथून केबलची गाडी पाच मिनिटांत वर नेते आणि पुढे बस. केबल स्टेशनपासून गावापर्यंतचा रस्ता फक्त बससाठी आहे, त्यावर पायी चालता येत नाही.

गावात शंभराहून अधिक विहार आहेत आणि त्यांपैकी पन्नासएक विहारांत प्रवाशांना राहता येते. या मुक्कामाला ‘शुकुबो’ म्हणतात. खर्च खोलीवर नसून माणशी असतो. रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून दहा-पंधरा हजार येन किंवा त्याहून जास्त. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान पोहोचावे लागते, कारण साडेपाच-सहाला जेवण वाढले जाते. रात्री नऊच्या सुमारास दरवाजा बंद होतो.

दारातच बूट काढायचे, हे आपल्याला सांगावे लागत नाही. पुढचे सांगावे लागते. घरातल्या सपाता चटईच्या खोलीबाहेर काढायच्या, आणि शौचालयातल्या सपाता वेगळ्या असतात. त्या घालून तसेच जेवायला येऊन बसणे ही परदेशी पाहुण्यांची नेहमीची चूक. झोपायला ‘तातामी’ नावाच्या चटयांवर गादी घालतात. युकाता हा सुती झगा दिलेला असतो. त्याची डावी बाजू उजवीवर यावी. उलटी बाजू मृताला नेसवताना करतात. भातात काड्या उभ्या खोचू नयेत आणि एकाच्या काडीवरून दुसऱ्याच्या काडीत घास देऊ नये, कारण या दोन्ही गोष्टी अंत्यविधीत होतात.

आपल्या मुलांना खरा संकोच वाटतो तो न्हाणीघराचा. ते सामाईक असते, स्त्री-पुरुषांचे वेगळे. अंगावर कपडा ठेवता येत नाही. आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून पूर्ण धुवायचे आणि मगच गरम पाण्याच्या टाकीत उतरायचे, कारण तेच पाणी सगळे वापरतात. ज्याला जमत नाही त्याने गटाच्या प्रमुखाला आधी सांगावे. मला मात्र हा अनुभव चुकवू नये असे वाटते. ज्यांच्या आजोबांना सार्वजनिक पाणवठ्यावर हात लावू दिला जात नव्हता, त्यांनी अनोळखी माणसांसोबत एकाच पाण्यात बसणे ही साधी गोष्ट नाही.

जेवणाला ‘शोजिन र्योरी’ म्हणतात. मांस, मासे, अंडी नाहीत, कांदा-लसूणही नाही. तिळाचा मऊ तोफू, गोठवून वाळवलेला कोया-तोफू, भाज्या, भात, लोणचे, सगळे लहान लहान भांड्यांत. मिरचीच्या बाजारपेठेतून गेलेल्या नंदुरबारकराला पहिला घास अळणी लागेल. पिशवीतून ठेचा काढू नका. तिसऱ्या-चौथ्या घासाला चव उमगते. हे जेवण विहारापुरते. बाहेर बहुतेक रस्श्यांच्या मुळाशी माशाचे पाणी असते, तेव्हा गटात कोणी पक्के शाकाहारी असेल तर तसे स्पष्ट विचारून घ्यावे.

पहाटे सहा-साडेसहाला पूजापाठ असतो, आणि इथे विचार करायला लागतो. कोयासानचा संप्रदाय शिंगोन, म्हणजे मंत्रयान. चीनमध्ये शिकून आलेल्या कुकाई भिक्खूंना ८१६ मध्ये सम्राटाकडून हा डोंगर मिळाला. या संप्रदायात ‘गोमा’ नावाचा अग्नीचा विधी आहे. हा आपल्याकडचाच होम, बौद्ध मंत्रयानाबरोबर चीनमार्गे तिकडे गेलेला. देवतांत सरस्वती बेन्झाइतेन या नावाने भेटते, इंद्र ताइशाकुतेन म्हणून. अनेक भिक्खू विवाहित असतात, कारण १८७२ मध्ये सरकारने भिक्खूंना विवाहाची मोकळीक दिली. २२ प्रतिज्ञा घेतलेल्याला हे खटकणारच. खटकावेही. शांत बसून पाहावे. विधीत भाग घेण्याची सक्ती नसते. नंतर विचारायचे असेल ते विचारावे. मात्र यजमानाच्या घरात बसून त्याला खरा बौद्ध कोण ते शिकवू नये.

ओकुनोइन या स्मशानभूमीत उंच सुगीवृक्षांखाली दोन लाखांहून अधिक स्मृतिशिळा आहेत. पाच थरांच्या शिळांवर कोरलेली अक्षरे नीट पाहा. ती सिद्धम् लिपीतली आहेत. भारतात वापरातून गेलेली ही लिपी जपानच्या विहारांत आजही शिकवली जाते.

स्त्रियांचा इतिहास याच गावात आहे आणि तो गोड नाही. १८७२ पर्यंत कोयासानवर स्त्रियांना प्रवेश नव्हता. सात वाटांच्या तोंडाशी स्त्रियांसाठी सात निवारे होते. तिथेच थांबायचे किंवा डोंगराच्या कडेने फिरून दुरूनच दर्शन घ्यायचे. सातांपैकी एकच निवारा, न्योनिन्दो, उरला आहे. बस तिथे थांबते. गटातल्या मुलींनी गावात पायी शिरावे ते इथून, आणि पुतळ्याकडे नंतर जावे.

डोंगरावरून उतरताना हाशिमोतोला गाडी बदलून वाकायामा मार्गाने नारा प्रांतातल्या गोसे शहराकडे जाता येते. तिथे सुइहेइशाचे संग्रहालय आहे. जपानमध्ये कातडी कमावणे, मेलेली जनावरे उचलणे अशा कामांवरून अस्पृश्य ठरवलेला समाज होता. १८७१ च्या फर्मानाने त्यांचा हलका दर्जा कागदावर संपला, व्यवहारात नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोमध्ये या समाजाने सुइहेइशा ही समतेची संघटना उभारली. तिच्या संस्थापकांपैकी साइको मान्किची हे गोसेतल्याच एका विहारात जन्मले. विहार इथे दोन्ही बाजूंना आहेत. अनेक विहारांनी या समाजातल्या मृतांना पशू, दास अशा अर्थाची अक्षरे घालून धम्मनावे दिली आणि ती शिळांवर कोरली गेली. १९७९ मध्ये प्रिन्स्टनच्या जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन संप्रदायाच्या माचिदा यांनी असा भेदभाव जपानमध्ये नाहीच असे सांगितले. त्यावर इतके वादळ उठले की विधान मागे घ्यावे लागले आणि अशा नावांचा शोध सुरू झाला.

ज्यांना जपानचा खर्च झेपत नाही त्यांनी ताप्ती मार्गाने भुसावळवरून नागपूर गाठावे आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस पाहावे. जपानच्या नोरिको ओगावा यांच्या मदतीने १९९९ मध्ये ते उभे राहिले. मुंबईत वरळीला निप्पोन्झान म्योहोजीचा विहार आहे. जपानला जाणाऱ्या गटांनीही आधी एकदा इथे जाऊन शांत बसण्याचा सराव करावा.

गोसेला एक पथ्य पाळा. संग्रहालयात हवे ते विचारा, पण रस्त्यात किंवा मुक्कामी भेटलेल्या कोणाला तो ‘त्या’ वस्तीतला का, त्याचे मूळ गाव कुठले, असे विचारू नका. १९७५ मध्ये अशा वस्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात असल्याचे उघड झाले होते. कंपन्या नोकरी देण्याआधी उमेदवाराचा पत्ता त्या यादीत शोधत. आडनाव विचारून जात काढणाऱ्यांना आपण ओळखतो. तिथे ते काम पत्ता करतो.