स्ट्रोकनंतर हात-पाय चालायला लागले, तरी माणूस एकटा का पडतो?

स्ट्रोक झालेल्या माणसाला भेटायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'हात-पाय हलतात ना?' पण हात-पाय हलायला लागले, म्हणजे आयुष्य पूर्वीसारखं झालं असं नाही. स्ट्रोकनंतरचा एकटेपणा अनेकदा न दिसणाऱ्या त्रासातून येतो.

प्रकार वेगळा, त्रास वेगळा

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की इस्केमिक स्ट्रोक होतो. हा सर्वाधिक आढळणारा प्रकार. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली, तर उजवी बाजू लुळी पडू शकते आणि बऱ्याचदा बोलण्यावरही परिणाम होतो. याला वाचाघात म्हणतात. स्ट्रोक झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना तो होतो. बुद्धी शाबूत असते, पण शब्द सापडत नाहीत. मग घरचेच त्यांच्या वतीने उत्तरं देतात, मित्रांचे फोन कमी होतात आणि भरल्या घरातही माणूस एकटा पडतो.

रक्तवाहिनी फुटली तर रक्तस्रावी स्ट्रोक होतो. त्यातला मेंदूच्या आवरणाखाली होणारा रक्तस्राव तुलनेने कमी वयातही होतो. यातून वाचलेले अनेक जण चालू-फिरू लागतात. पण प्रचंड थकवा, विसरभोळेपणा आणि 'पुन्हा झालं तर?' ही भीती मागे राहू शकते. बाहेरून ठणठणीत दिसत असल्याने 'आता तर बरा आहेस की' असं ऐकावं लागतं. त्रास सांगूनही कुणाला पटत नाही.

'मिनी स्ट्रोक'ची लक्षणं 24 तासांच्या आत जातात, पण भीती जाईलच असं नाही. शिवाय तो मोठ्या स्ट्रोकचा इशारा असतो, त्यामुळे तातडीने डॉक्टरांकडे जायलाच हवं.

घरच्यांनी काय करावं?

- एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तरासाठी थांबा. वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.
- 'हो-नाही'त उत्तर देता येईल असं विचारा. चित्रं, हातवारे यांची मदत घ्या.
- थकवा म्हणजे आळस नव्हे. भेटी छोट्या ठेवा, पण थांबवू नका.
- फिजिओथेरपीइतकंच महत्त्व स्पीच थेरपीला द्या.
- सततची उदासी 'वयामुळे' म्हणून सोडून देऊ नका. स्ट्रोकनंतर सुमारे तिघांपैकी एकाला नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत. 'टेली मानस'च्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

पुढच्या भेटीत हात-पायांची चौकशी जरूर करा. पण त्यानंतर लगेच उठू नका, थोडा वेळ बसा.